सड्याची चढण आणि माझी शंभर सीसी

आमच्या आरोग्य केंद्रात एक लोखंडी कपाट होतं. त्यात कोण काय ठेवतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ते कायम गच्च भरलेलं असायचं. दार उघडलं की काहीतरी पायावर पडणारच! किस्स्यांचं तसंच असतं. कुणी मुद्दाम जमवत नाही, आपोआप साठत जातात. निवृत्तीनंतर चार जुनी माणसं चहाला बसली, की दार उघडतं. आणि आमच्या कपाटातून सगळ्यात आधी खाली पडते ती माझी मोटरसायकल.

तेव्हा तेवढीच सांगते. बाकीचं सांगायला बसले तर चहाचं जेवण होईल.

*

गाडी खरं तर माझी नव्हे, भावाची. घर आमचं गोव्यात, आमोण्याला. भाऊ आखातात नोकरीला गेला तेव्हा त्याची शंभर सीसीची साधी मोटरसायकल गोठ्यात, बैलांच्या शेजारी उभी राहिली. "आठवड्यातून एकदा तरी सुरू करा," एवढं सांगून तो विमानात बसला.

बाबा शेतकरी माणूस. शब्दाला पक्के. दर रविवारी सकाळी गाडी अंगणात काढायची, किक मारायची, पाच मिनिटं चालू ठेवायची आणि बंद करून परत गोठ्यात. दोन वर्षं हे चाललं. दोन वर्षांत गाडी अंगणाबाहेर गेली नाही, पण एकाही रविवारी उपाशी राहिली नाही!

मग माझी बदली पेडण्याला झाली. मी फिल्डवरची नर्स. गावोगाव फिरायचं, बाळांना टोचायचं, बाळंतिणी बघायच्या. बस जिथे सोडेल तिथून पुढे पायी. मी म्हटलं, "बाबा, गाडी मी नेते."

"बायलमनीस आनी मोटरसायकल?"

"मग काय झालं? तुम्ही आठवड्यातून एकदा सुरू करता, मी रोज करीन."

शिकले ती आमच्याच शेतात. भात कापून झालं होतं, जमीन मऊ होती. पहिल्या दिवशी चार वेळा पडले. प्रत्येक वेळी गाडीने चांगला हातभर चर काढला. बांधावर उभ्या असलेल्या बाबांनी सगळं बघितलं, आणि घरी जाऊन आईला एवढंच सांगितलं, "ह्या वर्सा नांगर घालपाची गरज ना."

*

पेडण्याच्या आमच्या हद्दीत सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, वीस-बावीस घरांची एक वस्ती होती. वर जायला एकच रस्ता. जांभ्या दगडाचा, दीड किलोमीटर, तीन वळणं. तिसरं वळण वडाखाली, आणि ते असं उभं की तो वडसुद्धा एका बाजूला कलून, तोल सांभाळून उभा होता! आमची जीप पहिल्या वळणापुढे जायची नाही. लशीची पेटी उचलून चालत जावं लागायचं. उन्हाळ्यात वर पोचेपर्यंत पेटीतल्या बर्फाचं पाणी होईल या धास्तीने आम्ही पळतच चढायचो.

मी म्हटलं, गाडी कशाला आहे मग?

मीनाक्षी माझ्याबरोबरची नर्स. पेडण्याचीच. अंगाने दांडगी, आणि तोंडाने त्याहून दांडगी. पेटी मांडीवर घेऊन मागे बसली. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर गाडी दमेकऱ्यासारखी खोकायला लागली. वडाच्या वळणावर तिने जीव सोडला. मी दोन्ही ब्रेक दाबून उभी, आणि तरी गाडी हळूहळू मागे सरकतेय!

मीनाक्षी शांतपणे उतरली. मागच्या चाकाला दगड लावला. पेटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "गाडी बरी आसा हां शुभा. अर्धी वाट तरी वाचली!"

ही बातमी आमच्या आधी केंद्रात पोचली. आमचे डॉक्टर फोंड्याचे. मनाने चांगला माणूस, पण देह अवाढव्य, आणि देहाला शोभेल अशी धडधडणारी मोठी मोटरसायकल. ते हसून म्हणाले, "सिस्टर, ती मोटरसायकल नव्हे हो, शिवणयंत्र आहे! दोन ब्लाउज शिवून घ्या नि आमोण्याला परत पाठवा."

सगळे हसले. मीही हसले. पण त्या संध्याकाळी लसीकरणाच्या डायरीच्या शेवटच्या पानावर मी लिहून ठेवलं: 'मी, मीनाक्षी, पेटी. पाय न टेकता. वडाच्या वर.'

आणि खाली दोन रेघा मारल्या.

*

पहिला उपाय सांगितला बाजारातल्या एका मेकॅनिकने.

"सिस्टर, सायलेन्सराच्या आत एक नळी आसता. ती काडून उडयता. मगे बघा, पिकप कसो येता तो!"

मी म्हटलं, काढा.

काय आवाज! बाजारातल्या कोंबड्या उडाल्या. पाववाला पोदेर सायकल रस्त्याच्या कडेला घेऊन उभा राहिला. मला वाटलं, आपण विमानात बसलोय. तशीच सड्यावर घातली. दुसऱ्या वळणावर गाडी बंद! आधी गपचूप मरायची, आता बोंबलून मेली, एवढाच फरक.

पण खरी गंमत पुढे. त्या आठवड्यात खालच्या गावात लस द्यायला गेले. नेहमी तीस-बत्तीस मुलं असायची, आली नऊ. दुसऱ्या खेपेला सहा! डॉक्टरांनी रिपोर्ट बघून भुवया उचलल्या. मला काही कळेना. घरोघरी फिरले तर दारं उघडी, पोरं गायब.

शेवटी एका आईने खरं काय ते सांगितलं. "सिस्टर, तुमची गाडी पुलाकडे आसताना हयसर आवाज येता. पोरां थेट काजींच्या रानात! तुम्ही येतात तेव्हा गावात रवतत ते फकत कुत्रे."

त्याच दिवशी नळी परत बसवून घेतली. मेकॅनिकला वाईट वाटलं. "कित्याक सिस्टर? पिकप इलो नाय?"

"आला ना," मी म्हटलं. "पोरांना आला!"

*

दुसरा उपाय आमच्या रेडकरांचा. रेडकर म्हणजे केंद्राचे फार्मासिस्ट. मिलिग्रॅमचा माणूस. चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घालणार.

"सिस्टर, इंजिन आपल्याला वाढवता येणार नाही. पण गाडीचं वजन कमी करता येईल. साधं गणित आहे."

दुपारी ओपीडी संपल्यावर रेडकरांनी पाने घेतले आणि गाडी सोलायला सुरुवात केली. लेगगार्ड काढला, मागचा कॅरिअर काढला, दोन्ही स्टँड काढले. आणि प्रत्येक भाग वजन करायला नेला कुठे? तर बाळांच्या वजनकाट्यावर! आकड्याला टांगून.

लेगगार्ड: तीन किलो दोनशे. मीनाक्षी गंभीरपणे म्हणाली, "नॉर्मल आसा. आईचा दूध चालू ठेवा."

मोठा स्टँड: एक किलो नऊशे. "हो कमी वजनाचो. पणजीक पाठवूक होयो!"

रेडकरांनी मात्र एकदाही न हसता सगळे आकडे कागदावर उतरवून बेरीज मारली.

दुसऱ्या दिवशी मी एका वाडीवर गेले आणि दारात पोचल्यावर लक्षात आलं, की गाडी उभी कशी करायची? स्टँडच नाही! भिंत चिखलाने लिंपलेली, ओली. झाड लांब. आत आठ बाळं रडतायत. एक म्हातारे आजोबा ओट्यावर बसले होते, ते उठले. गाडी इकडे आण, अशी हाताने खूण करत म्हणाले, "हाड हांगा, हांव धरतां." आणि बैलाची वेसण धरावी तशी त्यांनी गाडीची मूठ धरली.

तासाभराने मी बाहेर आले. आजोबा तसेच उभे. एका हाताने मूठ धरलेली, दुसरा हात पेट्रोलच्या टाकीवरून हळूहळू फिरतोय.

"बाय," ते म्हणाले, "जनावर शांत आसा. पूण हाका बांदपाक तुजेकडेन दावें ना?"

*

आता भिकूकाकांबद्दल सांगते. आमचे जीप ड्रायव्हर. मूळ सावंतवाडीकडचे, आधी डिचोलीच्या खाणींवर वीस वर्षं ट्रक चालवलेले. इतके दिवस बाकावर बसून विडी ओढत ते आमचे उद्योग बघत होते. स्टँड नसलेली गाडी मी केंद्राच्या भिंतीला टेकवली, तेव्हा ते उठले.

"झाली सगळ्यांची डॉक्टरकी? आता माका बघूंदे."

पान्याला हात लावला नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारली. टायर दाबून बघितला. साखळीला बोट लावलं. मग मला विचारलं, "सिस्टर, रविवारी घराक जातंस ती खंयच्या वाटेन?"

"डिचोलीवरून."

"खाणीच्या ट्रकांच्या मागसून?"

"मग काय, उडून जाऊ?"

त्यांनी बाजूचं झाकण उघडलं, एअर फिल्टर बाहेर काढला आणि पायरीवर आपटला. लाल मातीचा ढीग पडला! कुंकवासारखी बारीक, ओंजळभर माती.

"ह्या बघ. अर्धो डोंगर हयसर आसा! इंजिनान श्वास घेवचो कसो?"

मग मागचं चाक उचलून हाताने फिरवलं. अर्धा फेरा मारून ते थांबलं. "आणि ह्या बघ. ब्रेक लागून रवलोहा. तू चढणीर गाडी ओढतंस, आणि ब्रेक तिका मागे ओढता. कशी चढतली बापडी?"

दोन तास त्यांचं काम चाललं. फिल्टर साफ. ब्रेक सैल. साखळी रॉकेलने धुऊन तेल घातलं. प्लग घासला, टॅपेट जुळवला, ऑइल बदललं, टायरात हवा भरली. रेडकरांनी काढलेलं सगळं परत जागेवर बसवलं. नवा पार्ट एकही नाही.

मी रस्त्यावर काढली आणि हलका ॲक्सिलरेटर दिला. गाडी माझ्या हाताखालून अशी सुटली की मी घाबरून तोच सोडला! मग परत दिला. बाजारापर्यंत जाऊन आले. मग उगाचच आणखी एकदा जाऊन आले.

डॉक्टर दारात येऊन बघत होते. "भिकूकाका, काय घातलंत हो तिच्यात?"

"घातलंय काय नाय डॉक्टरांनू. डिचोली भायर काढलंय!"

*

तरीही वड काही पार होईना. एकटी असले तर जायची, मीनाक्षी मागे बसली की वळणावर रडायची.

भिकूकाका म्हणाले, "गाडी बरी झाली. आता चालवणारणीक औषध होया."

माझी खोड त्यांनी नेमकी पकडली होती. मी सारखी स्पीडोमीटर बघायची. भावाने पाठ करून दिलं होतं: वीसला दुसरा, तीसला तिसरा. चढणीवरही मी काट्याची वाट बघत बसायची, आणि काटा यायच्या आधी गाडी झोपायची. काकांनी ड्रेसिंग रूममधून चिकटपट्टी आणली आणि मीटरच्या काचेवर आडवी-उभी लावून टाकली.

"पंधरा दिस हेच्याकडे बघूचा नाय. इंजिन काय सांगता ता ऐक. चढण दिसली काय गियर खाली घाल. चढण लागल्यार नको. भूक लागल्यार कोण तांदूळ धुवूक बसता काय? भात आधी शिजत घालतत!"

पहिले तीन दिवस मला आंधळं झाल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी ऐकू यायला लागलं. खरंच सांगते! तिसऱ्या गियरात ती नीट गुणगुणायची. कष्ट पडायला लागले की तिचा आवाज आधी जाड व्हायचा, मग तुटायचा. तो जाड होतानाच गियर खाली घातला तर तुटायचाच नाही. पेशंटच्या छातीला नळी लावून ऐकतो, अगदी तसं. आणि मला पहिल्यांदाच मजा यायला लागली. संध्याकाळी भातशेतांमधून परत येताना मी तिच्या सुरात सूर मिसळून गात यायची. रस्त्यावर कुणी दिसलं की गप्प!

एक दिवस कोलवाळच्या पुलाजवळ पोलिसाने अडवलं. मीनाक्षी मागे होती, दोघींच्या अंगावर पांढरा युनिफॉर्म. त्याने गाडीभोवती फिरून बघितलं. चिकटपट्टीवर बोट ठेवलं.

"मीटराला काय झालंय?"

मीनाक्षी म्हणाली, "टाके घातलेत. बुधवारी काढणार."

पोलिसाने आमच्याकडे बघितलं. मग मीटरकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"बरं," तो म्हणाला. "पाणी लागू देऊ नका."

*

शेवटचा उपाय छोटासाच. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळी ज्याच्यावर फिरते ते दातेरी चक्र, चौदा दातांचं काढून तेरा दातांचं घालायचं. रेडकरांनी कागदावर गणित मांडलं. "ओढ वाढेल. पण जेवढी ओढ वाढेल तेवढा सपाटीवरचा वेग कमी होईल. विचार करा, सिस्टर."

विचार कसला? मला कुठे शर्यतीत जायचं होतं? मला वडाच्या वर जायचं होतं.

काकांनी स्प्रॉकेट घातलं आणि या वेळी शिकवणी मीनाक्षीची घेतली. "ही कलली काय तू कल. ही फुडे सरली काय तू फुडे सर. तू आपली खांबासारखी बसलंस तर गाडी दोघींकाय टाकतली."

"लग्नात भटान इतक्या सांगूक नव्हता!" मीनाक्षी म्हणाली.

निघालो. पेटी आमच्या दोघींच्या मध्ये. पहिल्या वळणाआधीच गियर खाली. दुसरं वळण: आवाज जाड व्हायला लागला, आणखी एक खाली. खडी चाकाखालून उडतेय. मी टाकीवर जवळजवळ ओणवी झालेय. वड समोर आला. गाडीचा वेग चालणाऱ्या माणसाएवढा झाला, पण सूर तुटला नाही. मी डावीकडे कलले, मीनाक्षी माझ्याबरोबर कलली, वडाची एक पारंबी हेल्मेटवर घासून गेली आणि पुढे एकदम मोकळं आकाश!

मी गाडी थांबवली. डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"शुभा, वड इलो काय गो?"

"अगं, मागे राहिला! पोचलो आपण!"

"खरां सांगतंस? अगो, मी डोळे मिटून देवाक सांगणा घालीत होतंय. मी काय्येक बघूक नाय!" आणि मग चिडूनच म्हणाली, "फिरव गाडी. खाली चल. परत घाल!"

वस्तीतल्या बायका लशीसाठी पोरं घेऊन जमल्या होत्या. त्यांच्याकडे पेटी सोपवून आम्ही दोघी तशाच खाली गेलो आणि परत वर आलो. वस्तीला काही कळेना. पण मीनाक्षीने या वेळी डोळे टक्क उघडे ठेवले होते, आणि वडाखालून जाताना ती अशी किंचाळली, की पोरं टोचायच्या आधीच रडायला लागली.

*

बाबांचा किस्सा छोटा आहे.

गाडी मी नेली, पण रविवारची किक त्यांचीच होती. मी आमोण्याला आले की ते अंगणात येऊन किक मारायचे, पाच मिनिटं ऐकायचे आणि बंद करायचे. बसले मात्र कधी नव्हते. एका रविवारी मी त्यांना बंद करू दिली नाही. म्हटलं, "बसा मागे."

काहीतरी पुटपुटले. मग कमरेचं कापड सावरून बसले. देवळात बसल्यासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर. नदीकाठाने, शेतांच्या कडेने डिचोलीपर्यंत नेलं आणि परत आणलं. घरी आल्यावर थेट आत. आईने विचारलं, "कशें जालें?" तर म्हणाले, "बरें."

मी हिरमुसले. संध्याकाळी काडेपेटी आणायला नाक्यावरच्या दुकानात गेले. बाबा पाठमोरे बसले होते, भोवती शेजारी. मला बघितलं नव्हतं त्यांनी. माझ्याबद्दलच सांगत होते:

"चेडूं बरें चलयता. सगळें बरें. मात्र..." आणि हात हलवून म्हणाले, "हळू!"

*

आणि हा शेवटचा. हा मी नाही, मीनाक्षीच जास्त चांगला सांगते, पण ती तेव्हा तिथे नव्हती आणि मी होते.

सप्टेंबरातली सकाळ. रात्री पाऊस पडून गेलेला. भिकूकाका जीप घेऊन लस आणायला पणजीला गेलेले. नऊच्या सुमारास सड्यावरचा एक माणूस धावत केंद्रात आला. "सुनंदाक दुखूंक लागलां! बेगीन चला!"

सुनंदा माझी पेशंट. दुसरं बाळंतपण. तारखेला अजून दोन आठवडे होते. पहिल्या खेपेला तिला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं होतं. तो माणूस म्हणाला, आता उचलून आणण्याएवढा वेळ नाही.

डॉक्टरांनी क्षणभरही विचार केला नाही. बॅग उचलली आणि मोठ्या मोटरसायकलवर बसले. मागोमाग मी माझ्या गाडीवर.

पहिलं वळण ते झोकात चढले. दुसऱ्या वळणावर जांभ्यावर शेवाळ धरलं होतं. त्यांचं मागचं चाक जागच्या जागी गरगरलं, गाडी आडवी सरकली आणि डॉक्टरांसकट कडेच्या चरात गेली! सुदैवाने लागलं काही नाही, पण गुडघ्यापर्यंत चिखल. आम्ही दोघांनी मिळून जोर लावला. ती अजस्र गाडी ढिम्म.

"बसा माझ्या मागे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या गाडीकडे बघितलं. मग स्वतःकडे बघितलं. आणि बसले. मागची स्प्रिंग पार खाली गेली.

डॉक्टर म्हणजे एक मीनाक्षी आणि वर एक दहा वर्षांचं मूल. शिवाय कलायचं कसं ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मी डावीकडे, तर ते भीतीने उजवीकडे! वड समोर दिसायला लागला आणि इंजिनाचा आवाज जाड झाला. पहिला गियर घातलेलाच होता. त्याच्या खाली गियर नाही.

तो आवाज मला ओळखीचा होता. हातात दोन-तीन सेकंद होते.

"डॉक्टर, उतरा!"

"अहो, पण सिस्टर..."

"उतरा! बॅग माझ्या गळ्यात घाला, मागून ढकला, आणि चालत या!"

कुठल्याही डॉक्टरशी मी आयुष्यात असं बोलले नव्हते. पण ते मुकाट उतरले. बॅग माझ्या गळ्यात अडकवली. दोन्ही हातांनी असं ढकललं की गाडी उसळली. मी मागे वळून बघितलं नाही.

घरात शिरले तेव्हा सुनंदा चटईवर होती. सासूने तिला पाठीमागून घट्ट धरलं होतं. बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. हात धुतले, ग्लोव्हज चढवले, आणि गुडघ्यांवर बसेपर्यंत पुढची कळ आली. डोकं बाहेर आलं. मानेभोवती नाळेचा वेढा! बोट घालून बघितलं. सैल होता. हळूच डोक्यावरून सोडवून घेतला. आणखी एक कळ, आणि बाळ माझ्या हातात.

रडेना.

तोंड पुसलं. पाठ चोळली. सासू माझ्याकडे बघतेय, सुनंदा माझ्याकडे बघतेय. परत पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली. आणि मग बाळाने असा टाहो फोडला की बाहेर ओट्यावर बसलेले सगळे उठून उभे राहिले!

मुलगी. नाळ कापली, गुंडाळून आईच्या छातीशी दिली. वार नीट पडली. रक्तस्राव बघितला, नाडी बघितली. सगळं ठीक.

तेवढ्यात दारात सावली पडली.

डॉक्टर. कमरेपर्यंत लाल चिखल. शर्ट अंगाला चिकटलेला. एक चप्पल तुटलेली, ती हातात. चेहरा पिकल्या कोकमासारखा. त्यांनी दाराची चौकट धरली, बोलायला तोंड उघडलं, पण आवाज येईना. नुसतं एक बोट वर केलं, एक मिनिट थांबा म्हणून.

सुनंदाच्या सासूने डॉक्टरांना पूर्वी कधी बघितलं नव्हतं. म्हातारी बरीच वर्षं सड्यावरून खाली उतरलेली नव्हती. तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. लगबगीने उठली, कदेल ओढून पुढे केली, दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला. आणि मला हाक मारली:

"गे सिस्टर! बाळ-बाळंतीण दोगांय बरीं आसात. आतां तूं बेगीन ह्याका बघ!"